चौदा वाजण्याची वाट

खारूताईच्या स्क्रीनवर तो शब्द दिसला आणि माझा पाय तिथंच अडला. मी चहा घेऊन माझ्या जागेवर चालले होते, तिच्या टेबलापाशी थांबायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकवायची सवय मला नाही, निदान मी सगळ्यांना तसं सांगत असते. खारूताई म्हणजे आमच्या विभागातली नवी मुलगी. ड्रॉवरमध्ये शेंगदाणे ठेवते आणि दिवसभर दोन्ही हातांनी कुरतडत बसते म्हणून पडलेलं नाव. तिला त्याचं काही वाटत नाही, उलट मेलच्या खाली तेच लिहिते. आज स्वारी खुशीत होती. "मॅडम, बघा ना, दीडशहाण्यानं एका फटक्यात लिहून दिलं. मी कालपासून डोकं फोडत होते." दीडशहाणा म्हणजे आमच्या ऑफिसातला एआय. कंपनीनं त्याला काहीतरी गोंडस नाव दिलंय, ते कुणी घेत नाही. मी छान म्हटलं आणि पुढे निघणार तेवढ्यात तो शब्द. अक्षरं इंग्रजी, शब्द आपला. चौदा. थांबायची वेळ जिथं साठवून ठेवायची, त्या जागेचं नाव म्हणून लिहिलेला.

"हे चौदा काय आहे गं?"

"काय की! त्यानंच नाव दिलंय. चौदा कुठं येतच नाहीत खरं तर हिशेबात. पण चालतंय ना," असं म्हणून तिनं एक दाणा तोंडात टाकला.

चालतंय, हे खरं होतं. चालणारच. त्याची सगळी गंमतच अशी होती की ते चालायचं, पहिल्या दिवशी चालायचं, दहाव्या दिवशी चालायचं, बघणाऱ्या प्रत्येकासमोर शहाण्या मुलासारखं चालायचं. मला हे ठाऊक होतं कारण ते मी लिहिलं होतं. तिच्या स्क्रीनवरच्या त्या ओळी माझ्या होत्या, माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, एका रविवारी दुपारी लिहिलेल्या, आणि त्या मुद्दाम चुकीच्या होत्या.

आता हे सांगायचं म्हणजे धड्यांचं सांगायला हवं. नोकरी सोडून माझं दुसरं काही असेल तर ते धडे आहेत. यंत्राच्या अगदी पोटात शिरून कोड कसं लिहायचं, मेमरी म्हणजे काय, एखाद्या छोट्याशा चिपमध्ये वेळ कशी मोजतात, हे शिकायचं असलेल्या पोरापोरींसाठी मी आपल्या भाषेत धडे लिहून नेटवर टाकले. फुकट, ओपन सोर्स, कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं. माझं नावसुद्धा नाही त्यावर. मला वाटलं होतं चार जण वाचतील. वाचलं बऱ्याच जणांनी. मग कुठल्याशा गावातला एक माणूस येऊन चिकटला, ज्याला मी आजवर पाहिलेलं नाही आणि जो स्वतःला घुबड म्हणवतो, आणि आम्ही दोघं मिळून ते धडे सांभाळू लागलो. त्यातला घड्याळाचा धडा सगळ्यांच्या आवडीचा. त्यात दोन पानं. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं की समजा अकरा वाजलेत आणि तुम्ही कुणाला तरी सांगितलं, तीन तास झोप आणि मग ऊठ. तो बिचारा हिशेब करतो, अकरा आणि तीन चौदा. चौदा वाजले की उठायचं. झालं, झोपला. खाली त्याचंच कोड. आणि त्याखाली फक्त एवढंच: हे चालतंय का बघा, चालत असेल तर पान उलटा. दुसऱ्या पानावर पहिलंच वाक्य होतं, अहो, भिंतीवरच्या घड्याळात चौदा कधी वाजतात का?

चिपच्या आतली मोजणीही तशीच असते. ती टिकटिक करत वर चढते, जागा संपली की गुपचूप शून्यावर येते, आणि छोट्या यंत्रांत ती जागा संपायला साधारण दीड महिना लागतो. यंत्र बंद करून चालू केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून टेबलावर तपासताना हे कधीच दिसत नाही. दीड महिना एखादं यंत्र न थांबवता बघत बसायला कुणाला फुरसत आहे? दिसतं ते बाहेर, लोकांच्या घरात, आणि तिथंही काही जळत नाही, स्फोट होत नाही. यंत्र नुसतं थांबतं. दिवा लागलेला असतो, आवाज चालू असतो, आणि आत ते चौदा वाजण्याची वाट बघत बसलेलं असतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, त्यातला हा चौदावा तास. उपाय एका ओळीचा. किती वाजता उठायचं ते ठरवू नका, किती वेळ झाला ते विचारत राहा. हे दुसऱ्या पानावर होतं. दीडशहाण्यानं पहिलं पान उचललं होतं.

मी जागेवर येऊन बसले आणि चहा प्यायले नाही. मला आधी राग आला, आणि राग आला याचंच बरं वाटलं, कारण रागाला काहीतरी आकार असतो. मेल्या, उचलायचंच होतं तर पुढचं पान तरी उचलायचंस! मग मी शोधायला लागले. लोकांनी आपापलं काम जिथं उघड्यावर ठेवलेलं असतं अशा जागा आहेत, तिथं मी चौदा हा शब्द घालून बघितला. माणसं कुठली कुठली. कुणी अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं यंत्र केलेलं, कुणी माशांच्या टाकीचं झाकण, कुणी दवाखान्यात नंबर पुकारायची पाटी. सगळ्यांकडे चौदा. आमच्या धड्यांवरून शिकलेली पोरं असणार, पहिलं पान वाचलं, उचललं, चालतंय म्हटल्यावर पुढे गेली. पान कोण उलटतो? त्यांचं बघून दुसऱ्यांनी घेतलं, ज्यांना ही भाषा येत नाही त्यांनीही नावासकट घेतलं, आणि त्या सगळ्यांचं वाचून हा दीडशहाणा तयार झाला. गावभर एकच गोष्ट ऐकली तर ती खरीच वाटणार, त्यात त्याचा तरी काय दोष? पण मग कुणाचा? माझी चूक नव्हती ती. माझी चूक असती तर मी केव्हाच दुरुस्त केली असती. तो सापळा होता, आणि सापळा लावायला मी ज्यांच्याकडून शिकले त्यांना कुणी कधी दोष दिला नाही.

बाबा गावातल्या पोहण्याच्या तलावावर शिकवायचे. आख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. कमरेला पंचा, गळ्यात शिट्टी, उन्हापावसानं रापलेले खांदे. पोर पाण्यात आडवं झालं की ते त्याच्या पोटाखाली एक हात धरायचे. रुंद, गार, सुरकुतलेला तळवा. मला अजून पोटावर तो तळवा आठवतो, आणि नाकात शिरलेलं औषधाचं पाणी, आणि कानात पाणी गेल्यावर सगळं जग लांब गेल्यासारखं होतं ते. मी दर दोन हात मारले की ओरडायचे, बाबा हात आहे ना? "आहे," ते म्हणायचे, "पाय मार." पुन्हा, हात आहे ना? "आहे. पाय मार." आणि कधीतरी असं व्हायचं की मी विचारायचे, ते आहे म्हणायचे, आणि तो आवाज मागून, बराच लांबून यायचा. हात केव्हाच काढलेला असायचा. मग मी घाबरून गटांगळी खायचे, आणि त्या गटांगळीतच पोहायला लागायचे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ते बाबांना मान्य नव्हतं, ज्याची ठेच त्यानंच खावी, तरच अक्कल मुरते. मी त्यांना बरीच वर्षं खोटारडे म्हटलं. पुढे मोठी झाल्यावर एकदा काठावर बसून बघितलं, तेव्हा दिसलं की ते हात काढतात खरा, पण तो पाण्यात खालीच असतो, वीतभर अंतरावर, पोराबरोबर सरकत. पोराला तो लागत नाही इतकंच. माझं दुसरं पान तो हात होता. हे मला आज, गार होत चाललेल्या चहासमोर, पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मी घुबडाला लिहिलं. त्याला लगेच कळलं, हुशार माणूस आहे, पण त्याचं म्हणणं पडलं की पहिल्या पानाला हात लावू नये. "पहिल्या पानावरच खरं सांगून टाकलं तर धड्यात उरलं काय? आणि आता बदलून तरी काय फरक पडणार? बाण सुटला बाई. त्या एआयनं वाचलंय ते वाचलंय." मी लिहिलं, म्हणजे स्वस्थ बसायचं? त्यावर तो, "तुमच्याकडच्या त्या मुलीला सांगा, तेवढं तुमच्या हातात आहे." आता हे काय मला सांगायला हवं होतं? मी उठून खारूताईकडे गेले, तिला घड्याळ, अकरा, तीन सगळं समजावलं. तिचे डोळे मोठे झाले. आमची कंपनी इमारतींच्या पाण्याच्या पंपांच्या पेट्या बनवते. पंप कधी चालू, कधी बंद, मध्ये किती विश्रांती, हे ती पेटी ठरवते. "म्हणजे पंप थांबला की थांबलाच?" "नशीब फुटकं असेल तर." "मग पाणी नाही वर?" "नाही." ती हसली. "मग काय, लोक बोंब मारतील, कुणीतरी येऊन बटण बंद करून चालू करेल." खरंच होतं तिचं. ज्याचं पाणी जातं तो बोंब मारतो. तिनं ओळ बदलली, चौदा पुसलं, मला दाणे देऊ केले. मी घेतले आणि मुठीतच ठेवले.

पण एकदा डोक्यात किडा शिरला की शिरला. लिफ्टचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर मी मनात मोजायला लागले. खाली कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता तो लालच वाटायला लागला. हात वाळवायचं यंत्र, कॉफीचं यंत्र, आपोआप उघडणाऱ्या दारावरचा तो डोळा, जिकडे बघावं तिकडे काहीतरी थांबलेलं आणि पुढची वेळ कधी येईल ते मोजत बसलेलं. एवढी वर्षं मी असल्याच यंत्रांच्या पोटात हात घालून बसले होते आणि मला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटायला लागलं की या सगळ्यांच्या आत माझी एक दुपार भरून ठेवलेली आहे. कोण समजते मी स्वतःला! चार पानं लिहिली तर जग माझ्यावर चाललंय म्हणे. मी स्वतःला असं बरंच झापलं, आणि तेवढ्यात मला वहिनीचा कालचा फोन आठवला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बाबा त्यांच्याकडे असतात, झटका आल्यापासून. डावं अंग गेलं, बोलणं गेलं, म्हणजे अगदीच गेलं नाही, एखादा शब्द येतो, पण कुठला येईल आणि कधी येईल हे त्यांच्याही हातात नाही. दादा फिरतीवर, मी ऑफिसला, करणारी वहिनी एकटी. काल ती म्हणाली होती, "वन्सं, बाबांच्या पाठीला डाव्या बाजूला लाली आलीय. दाबलं तरी जात नाही." मला चिडवायचं असलं किंवा काळजीत असली की ती वन्सं म्हणते. मी मीटिंगमध्ये होते. मी म्हटलं, घाम असेल, पावडर लाव. ती म्हणाली, "गादी तर चालू आहे." मी म्हटलं, मग झालं तर.

गादी. हवेची गादी होती ती, आडव्या नळ्यांची. एक सोडून एक नळीत हवा भरते, दहा मिनिटांनी ती सोडते आणि मधल्या नळ्यांत भरते, म्हणजे निजून असलेल्या माणसाच्या अंगाची एकच जागा दबून राहत नाही, जखमा होत नाहीत. पलंगाच्या पायाला एक पेटी लटकवलेली, हिरवा दिवा, आणि घूं घूं आवाज. मीच आणली होती. कुठल्याशा नव्या कंपनीची, खोक्यावर हसरी म्हातारी. आणि मीच वहिनीला दोनदा बजावलं होतं, काही झालं तरी ही बंद करायची नाही.

मी कॉरिडॉरमध्येच फोन लावला.

"वहिनी, गादी आणून किती दिवस झाले?"

"झाले की दीड-दोन महिने. का हो?"

"मध्ये कधी बंद केली होतीस? लाईट गेली होती?"

"बंद कशाला करू? तुम्हीच म्हणालात ना. आणि लाईट गेली तर ती बॅटरी आहे ना तुम्ही लावलेली." ते खरं होतं, बॅटरीपण मीच लावली होती, माझा शहाणपणा. "चालूच आहे अखंड, आवाज येतोय ना, ऐका." तिनं फोन पेटीजवळ नेला. घूं घूं. "काय झालंय वन्सं? करू का बंद?"

आणि मी म्हणाले, "नको! हात लावू नकोस. कशालाच हात लावू नकोस, मी येते."

फोन ठेवला, पर्स घेतली, कुणाला काही न सांगता निघाले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुपारचं पांढरं ऊन, दुकानांच्या अर्ध्या ओढलेल्या शटरांखाली पाय, एका दारात कुणीतरी सायकलचं चाक नुसतंच फिरवत बसलेला. चाक फिरतंय तोवर बस हलली नाही. मी मनात कामाला लागले होते. आधी नळ्या बघायच्या, कुठल्या टणक, कुठल्या सैल. मग घड्याळ लावून बसायचं, दहा मिनिटांत बदलतात का. बदलल्या नाहीत तर पेटीवर आवृत्तीचा आकडा कुठं आहे तो बघायचा, फोटो काढायचा, कंपनीला लिहायचं. पुरावा हवा. अडकलेलं यंत्र आधी बघायचं, मग बंद करायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बंद करून चालू केलं की यंत्र पुन्हा गुणी बाळ होतं, आणि का अडकलं ते कधीच कळत नाही. किती पोरांवर मी यावरून खेकसले आहे! एकाला तर रडवलं होतं. बंद का केलंस, विचारल्याशिवाय हात का लावलास? आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं. हात लावू नकोस. कशालाच हात लावू नकोस.

त्या गादीवर बाबा होते.

मी कुणाला सांगितलं होतं ते? वहिनीला. माझं म्हणणं जी शब्दाला शब्द पाळते तिला. एक बटण दाबायचं होतं फक्त, बंद आणि चालू, ती विचारत होती बिचारी, करू का म्हणून, आणि नळ्या बदलल्या असत्या, पाठीला वारा लागला असता. कळणार नव्हतं मला, एवढंच. यंत्र खरोखर अडकलं होतं का, त्याच्या आत तो माझा शब्द होता का, हे कळणार नव्हतं. आणि ते कळावं म्हणून मी बापाला तसाच निजवून ठेवला होता. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं उचल गं, उचल गं म्हणतेय. "घरी कुणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी पाय आत घेतले, मला उठायला सोपं जावं म्हणून, आणि माझा स्टॉप अजून लांब होता. मुठीत काहीतरी टोचत होतं. खारूताईचे दाणे, घामानं ओले झालेले.

सिग्नल लाल. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यात असल्यासारखी विचार करत होते. एक डोकं म्हणत होतं, काय वेडी आहेस, त्या गादीत तुझं कोड कशाला असेल, जगात पेट्या थोड्या आहेत का? दुसरं म्हणत होतं, लाली काल होती, म्हणजे परवाही असेल. पंपवाल्याचं पाणी गेलं तर तो बोंब मारतो. बाबा बोंब मारत नाहीत. त्यांना पाठ दुखतेय हे कळतं की नाही, हेच आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, डाव्या बाजूचं त्यांना कमी कळेल. ज्याला कमी कळतं त्याच्यासाठीच तर ते यंत्र होतं.

वहिनीनं दार उघडलं. फोन कुठं आहे तुझा, मी ओरडलेच. "तिकडेच राहिला आत, बाबांजवळ, टेबलावर. तुम्ही हात लावू नका म्हणालात ना, म्हणून मी खोलीतच गेले नाही. त्यांना पाणी पाजायचं होतं, तेपण ठेवलं. म्हटलं पलंग हलेल." तिच्या हातात पाण्याचा पेला होता. ती तो घेऊन किती वेळ बाहेरच्या खुर्चीत बसून होती कोण जाणे. फोन वाजताना तिनं ऐकला होता. तिला वाटलं होतं, तो वाजवणंसुद्धा माझ्या तपासणीचाच भाग असेल. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. मी काहीच न करता आत गेले.

खोलीत पडदा अर्धा ओढलेला होता. पेटी घूं घूं करत होती, हिरवा दिवा लागलेला. बाबा छताकडे बघत उताणे पडले होते, जसे ठेवले तसे. आता ते इतके लहान दिसतात, खांदे कुठं गेले देव जाणे. मी बसले आणि चादरीखालून हात घातला, त्यांच्या पाठीखाली, डावीकडे, जिथं कातडी गरम लागत होती तिथं. तळव्याखाली एक नळी टणक, तिच्या शेजारची चोपलेली. टणक नळी नेमकी तिथंच, त्या गरम जागेखाली. मी नकळत समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पुरे होती दहा मिनिटं. दहा मिनिटं नुसतं बसायचं, हात असाच ठेवून, आणि कळेल. बदलली तर मी उगाच धास्तावले, पावडर लावायची आणि चहा पिऊन घरी जायचं. नाही बदलली तर. घड्याळाचा काटा हलला. एक मिनिट मी खरंच बसले. खरं सांगते, बसले. हात तिथं होता, पाठ माझ्या हातावर होती, आणि मी तिच्यातून काहीतरी शोधत होते.

बाबांनी मान वळवली. त्यांना वळवायला फार वेळ लागतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बघतच राहिले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले, एखादा शब्द वर यायला लागला की हलतात तसे. वहिनी दारातून पुढे आली. "काय हवंय बाबा? पाणी?"

"हात," ते म्हणाले.

म्हणजे काय ते मला माहीत नाही. हात काढ असेल, टोचतोय म्हणून. हात कुणाचा आहे असं असेल. त्यांना तलाव आठवत असेल असं मी म्हणणार नाही, लोकांना आवडतं असं म्हणायला, पण डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय की शब्द असे कुठूनही येतात. मी दुसरा हात लांब केला आणि पेटीचं बटण बंद केलं. हिरवा दिवा गेला, घूं घूं थांबली. खोली एकदम इतकी शांत झाली की बाहेरच्या कुणाच्या तरी नळाचं पाणी ऐकू आलं. माझ्या तळव्याखालची नळी हळूहळू बसत गेली, आणि बाबांचा भार माझ्या हातावर आला. सगळा भार. वहिनी म्हणाली, "अहो, बंद झाली ती! तुम्हीच तर..."

"मीच केली. तू ये इकडे, पलीकडून धर, कुशीवर वळवू यांना. आधी वळवू, मग पाणी."

आम्ही दोघींनी त्यांना वळवलं. लाली तळव्याएवढी होती, मध्ये गडद, पण कातडी फुटलेली नव्हती. वहिनीनं ती बघितली आणि पदरानं डोळे टिपले. मग डॉक्टरांना फोन केला, ते संध्याकाळी येतो म्हणाले. गादी अडकली होती की नाही ते आता कधीच कळणार नाही. घुबडाला मी तिथूनच, एका हातानं, लिहून टाकलं: दोन्ही पानं जोडून एकच कर, आजच, वादविवाद नको. उलटायचं पान ठेवू नकोस. त्यानं बरं म्हटलं. आणि त्या कंपनीला जे लिहायचं ते पुराव्याशिवायच लिहायचं होतं, ते हसतील तर हसोत.

वहिनीनं चमच्यानं पाणी पाजलं. थोडं गालावरून ओघळलं, थोडं आत गेलं. मग तिनं विचारलं, आता चालू करू का, आणि मी हो म्हटलं, आणि तिनंच बटण दाबलं. दिवा लागला. पेटी घुमायला लागली, नळ्या एकेक करून भरायला लागल्या, आणि आम्ही बाबांना हलकेच पुन्हा उताणं केलं. माझा हात मी पुन्हा पाठीखाली घातला आणि काढला नाही. खाली हवा चढत होती, वरून ते टेकत होते, मधे माझा तळवा. आता ही दहा मिनिटांनी बदलेल. बदलेलच, आज बदलेल, उद्याही बदलेल, आणि दर रविवारी बंद करून चालू करायची हे मी वहिनीला सांगून ठेवलं. बाबांचे डोळे मिटत आले होते. मग पुन्हा उघडले.

"हात," ते म्हणाले.

"आहे, बाबा," मी म्हटलं.

आणि होता.